कापसातलं कार्ड

दुपारी सव्वातीनला मोबाइलच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर पाटी आली की हे कार्ड वापरण्याआधी फॉर्मॅट करावं लागेल, करायचं का? खाली दोन बटणं होती, हो आणि नाही. त्याने नाही दाबलं, कार्ड काढलं, शर्टाच्या टोकाला पुसलं आणि पुन्हा घातलं. पुन्हा तीच पाटी. असल्या पाट्या त्याने अकरा वर्षांत हजारदा पाहिल्या असतील, दुसऱ्यांच्या कार्डांच्या. लोक काउंटरवर रडकुंडीला येऊन उभे राहायचे आणि हा डॉक्टरासारखा मान हलवायचा, म्हणायचा, जुनं झालं होतं हो कार्ड, किती दिवस टिकणार. आज कार्ड घरचं होतं एवढंच. कार्डाला अजून कापसाचा एक धागा चिकटलेला होता. वहिनीने ते दागिन्यांच्या डबीत कापसात घालून ठेवलं होतं, आणि काल संध्याकाळी देताना दोन्ही हातांनी दिलं होतं, लहान मूल देतात तसं. उद्या सकाळी दहाला आवाज बनवून देणाऱ्या बाईंकडे हे पोचवायचं होतं. बाई त्यातली तीनशे वाक्यं काढून घेणार होत्या आणि महिन्याभरात दादाचा आवाज तयार करून त्याच्या नव्या फोनात घालणार होत्या. कॅन्सरने गळ्यातलं काढून नेलं ते यंत्राने परत येणार होतं. त्याने ड्रॉवरमधून तीन वेगवेगळे जुने फोन काढले, ज्यांना अजून कार्डाची खाच आहे असे, आणि एकेकात कार्ड घालून पाहिलं. तिन्ही फोनांनी तेच सांगितलं.

तेवढ्यात स्वेटर घातलेले एक गृहस्थ काउंटरला आले. ज्या महागड्या फोनला दुकानात साखळीने बांधून ठेवलेलं असतं तो हातात घेऊन त्यांनी चारी कडा चाचपल्या आणि विचारलं, यात कार्ड कुठे घालायचं? आणि याचं तोंड सुरू झालं. तोंडाला काय, ते सवयीने चालतं. साहेब, कार्ड हा आता जुना जमाना झाला. चांगल्या फोनांनी खाच काढूनच टाकली. कार्ड म्हणजे बाहेरून आणलेला पाहुणा, कधी दगा देईल सांगता येत नाही. आतली मेमरी म्हणजे आपलं हाड, कुणी काढून नेणार नाही. जास्त जागेचा घ्या, एकदाच घ्या, निर्धास्त राहा. गृहस्थ म्हणाले की कार्ड काढून खिशात ठेवता येत होतं, फोन मेला तरी फोटो हातात राहायचे. हा हसला. सगळेच असं म्हणतात आणि सगळ्यांना हसायचं असतं, दुकानाची शिकवणच तशी आहे. पण हसता हसता त्याला मध्येच काहीतरी आठवलं आणि हसू तोंडावर तसंच राहिलं. गृहस्थ चक्रावून त्याच्याकडे बघत राहिले, मग फोन खाली ठेवून निघून गेले. दुकानाच्या मालकाने लांबून भुवया उंचावल्या. याने पोट धरून दाखवलं आणि मागच्या खोलीत गेला.

मागच्या खोलीत रिकाम्या खोक्यांची चळत होती आणि एक स्टूल. तो स्टुलावर बसला आणि त्याला दादाच्या स्वयंपाकघरातलं टेबल लख्ख दिसलं. चार महिन्यांपूर्वीचं. ऑपरेशनला बारा दिवस राहिले होते आणि बाईंनी वाक्यांची वही दिली होती. काय वाक्यं ती! माझ्या आत्याने निळी छत्री विकत घेतली. आजचे तापमान चोवीस अंश आहे. घाटातल्या वळणावर झाडाची फांदी पडली. सगळे स्वर, सगळी व्यंजनं, सगळे चढउतार यावेत म्हणून कुणीतरी बसून रचलेली. दादा चष्मा लावून वाचायचा, वहिनी फोन त्याच्या तोंडासमोर धरायची, आणि दादा मध्येच थांबून म्हणायचा, मला आत्याच नाही, तिची छत्री मी कशाला मिरवू. वहिनी हसायची आणि ते वाक्य पुन्हा घ्यावं लागायचं. दादा गाडी शिकवायचा. मोटार ड्रायव्हिंग स्कूलमधला सगळ्यात जुना मास्तर, सत्तावीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून लोकांवर ओरडण्यात गेलेली. त्याचा आवाज बंद काचेतून रस्त्यावर ऐकू यायचा. क्लच हळू सोड, तो काय उंबरठा आहे ओलांडायला! आरशात बघ, स्वतःचं तोंड नको बघू, मागची गाडी बघ! लोक घाबरायचे आणि शिकायचे. अर्ध्या शहराने त्याच्या शिव्या खाऊन परवाना मिळवला होता. याचा मालकही त्याच्याकडेच शिकलेला, त्या ओळखीवरच याला हे काउंटर मिळालं. बारक्याला घ्या, मास्तर म्हणाला होता, हुशार आहे, पण कामात घाई करतो, तेवढं बघा.

एकशे चाळिसाव्या वाक्याला फोन अडला. जागा संपली. दादा तिथल्या तिथे वैतागला, ऑपरेशन बारा दिवसांवर आणि या डबड्याला जागा नाही म्हणतो. याने फोन हातात घेतला. खिशात नवं कार्ड होतंच, दुकानातून आणलेलं. कार्ड घालायच्या दोन पद्धती असतात. एक म्हणजे ते वेगळं ठेवायचं, वहीसारखं, काढलं की कुठेही वाचता येतं. दुसरी म्हणजे फोनमध्येच मिसळून टाकायचं, मग फोन त्याला आपलंच अंग समजतो, जागा दुपटीने वाढते, आधीचं सगळंही फोन आपणहून कार्डावर सरकवतो. दुसरी पद्धत झटपट. रोज दहा जणांना करून द्यायचा तो. अंगठा नुसता पळत होता. दादा खांद्यावरून वाकून बघत होता आणि पडद्यावर दिसेल ते मोठ्याने वाचत होता, त्या दिवसांत त्याला सगळंच वाचायची सवय लागली होती. त्याने वाचलं, हे कार्ड यापुढे फक्त याच फोनमध्ये चालेल. फोन पुसल्यास कार्डावरील माहिती कायमची जाईल. मग विचारलं, म्हणजे काय रे? हा म्हणाला, काही नाही, असं लिहितातच ते, ओके दाब. आणि दादाने आपल्या जाड बोटाने ओके दाबलं. तो खर्जातला आवाज, वाचताना शब्दाशब्दावर ठेवलेलं वजन, म्हणजे काय रे मधला संशय, सगळं त्याला आता स्टुलावर बसून जसंच्या तसं ऐकू आलं. त्याला स्वतःचा इतका राग आला की त्याने मांडीवर मूठ मारली.

बरं, एवढ्यावर भागलं असतं. फोन राहिला असता तर कार्ड परत त्यात घालून सगळं काढता आलं असतं. पण नवा फोन घ्यायची घाई यालाच. तयार आवाज चालवायला मोठा फोन लागेल असं बाई म्हणाल्या होत्या, तेव्हा हा छाती पुढे काढून म्हणाला होता की तो माझ्यावर सोडा. दुकानातला सगळ्यात वरचा फोन, खाच नसलेला, आत एवढी जागा की दहा दादांचे आवाज मावतील. त्याला दादाला काहीतरी द्यायचं होतं, अगदी मनापासून, आयुष्यात एकदा तरी आपला हात वर असावा असं वाटत होतं. जुना फोन बदलीत देऊन सवलत घ्यायचा शेवटचा दिवस होता. गर्दी होती. फोन दुसऱ्या कुणाचाही असता तरी त्याने जे केलं असतं तेच केलं. फोटो आणि नंबर तारेने नव्यात ओढले. सिम काढलं. कार्ड काढून पुडीत घातलं, वर लिहिलं दादा, ती पुढे वहिनीकडे जपायला दिली. फोन पुसला, बंद केला, मागे चिठ्ठी चिकटवली आणि खोक्यात टाकला. हातानेच केलं ते सगळं, डोक्याला विचारलंसुद्धा नाही. मनात एवढंच होतं की आवाज कार्डात आहे, कार्ड आपल्याजवळ आहे. बाईंनी बजावलं होतं की दोन ठिकाणी ठेवा, आणि हा म्हणाला होता, आहे की, फोनमध्ये आणि कार्डात. स्वतःला फोनमधला शहाणा समजणाऱ्या माणसाशिवाय ही चूक कुणाच्या बापाला जमली नसती. वहिनीच्या हाती कारभार असता तर तिने भीतीने काहीच पुसलं नसतं.

बदलीतले फोन जातात त्या गोदामात विचारावं असं एकदा मनात आलं. पण कशाला? जुना फोन सापडला तरी पुसलेला. मिसळलेलं कार्ड उघडायची किल्ली त्या फोनच्या पोटात होती आणि ती त्याने स्वतःच विरघळवली होती. गिऱ्हाइकांना तो हेच छातीठोकपणे सांगायचा, आम्ही एकदा पुसलं की ब्रह्मदेवसुद्धा परत आणू शकत नाही, तुमचे फोटो कुणाच्या हाती लागायचे नाहीत. लोकांना बरं वाटायचं. कार्डाला काहीही झालेलं नव्हतं, हे त्याला सगळ्यात जास्त बोचलं. तीनशे वाक्यं त्या नखाएवढ्या तुकड्यात अजून तशीच होती, आत्या, छत्री, फांदी, आणि शेवटी दादाने आपल्या मनाने घातलेली वीसेक, क्लच, ब्रेक, डावीकडे, अगं ऐकलंस का. सगळी आत होती आणि जगात कुणालाच ऐकू येणार नव्हती.

साडेपाचला तो पोटाचं निमित्त करून दुकानातून निघाला. बस न घेता चालत गेला, म्हणजे उशीर होईल. वाटेत आपल्या फोनमध्ये दादाचा आवाज शोधत राहिला. पण दादा आवाजी निरोप पाठवणारा माणूसच नव्हता, त्याला बोलायचं असलं की तो फोन करायचा आणि समोरच्याला बोलू न देता ठेवून द्यायचा. एक व्हिडिओ सापडला, कुणाच्यातरी वाढदिवसाचा. त्यात गाण्याच्या गोंगाटात दादा मागून म्हणतो, सरका. एवढंच, सरका. त्याने पदपथाच्या कडेला उभं राहून ते सात वेळा ऐकलं. मग त्याला दादाचाच राग यायला लागला. सारखं चहा ढोसून, ओरडून ओरडून गळ्याची वाट लावून घेतली, कुणी सांगितलं होतं? महिनोन् महिने आवाज बसला तरी डॉक्टरकडे गेला नाही. बाईंचा राग आला, त्यांना तेव्हाच्या तेव्हा रेकॉर्डिंग मागवून घ्यायला काय झालं होतं? त्या महागड्या फोन बनवणाऱ्यांचा राग आला, खाच असती तर त्याने दुकानात उभ्या उभ्या कार्ड नव्यात घालून पाहिलं असतं आणि जुना पुसण्याआधीच हे उघडकीला आलं असतं. हे खरं होतं, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. प्रत्येक राग दहा पावलं टिकायचा आणि गळून पडायचा, मग पुन्हा तोच अंगठा दिसायचा, पळणारा.

दादाने हल्ली स्कूलच्या ऑफिसात बसून परवान्याचे अर्ज भरायचं काम धरलं होतं. गाडीत बसून शिकवून पाहिलं होतं दादाने, ऑपरेशननंतर महिन्याभराने. फोनवर टाइप करायचं आणि फोनमधला तयार आवाज बोलायचा. गुळगुळीत आवाज, बातम्या देणाऱ्या माणसासारखा. दादाने क्लच टाइप करेपर्यंत शिकणारी मुलगी दुभाजकावर चढली होती, आणि मग फोन अगदी शांतपणे म्हणाला, कृपया क्लच. कृपया दादाने लिहिलं नव्हतं, ते त्या फोनने आपणहून जोडलं होतं. स्कूलच्या मालकाने दादाच्या पाठीवर हात ठेवून त्याला ऑफिसात बसवलं. पण जागा ठेवली होती त्याने. आवाज तयार झाला की फोन डॅशबोर्डवर लावायचा, एका बटणाला एक हाक, दाबलं की मास्तर ओरडणार. दादाने कागदावर बटणांचा नकाशासुद्धा काढून ठेवला होता, लाल बटण ब्रेकचं.

वहिनीने बेल वाजायच्या आधीच दार उघडलं. टेबल आवरलेलं होतं. दादा खुर्चीत बसला होता, गळ्याला तो मऊ पांढरा रुमाल, समोर नवा फोन उभा करून ठेवलेला. भिंतीवरच्या कॅलेंडरात उद्याच्या तारखेला गोल होता. दादाने हाताने विचारलं, झालं? म्हणजे कार्डातलं काढून झालं का. याने वाटेवर सगळं ठरवलं होतं, आत शिरल्या शिरल्या सांगून टाकायचं, दादा, माझ्याकडून घोडचूक झाली. घोडचूक हा शब्दही ठरवला होता. तो खुर्चीत बसला, खिशातून पुडी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "कार्ड उघडत नाही, दादा."

पुढचं वाक्य जिभेवर होतं. पण त्या आधी वहिनी टेबलाला धरून वाकली आणि तिने फक्त त्याला ऐकू जाईल इतक्या हळू विचारलं की ती कपाटात डांबरगोळ्या ठेवते, त्या वासाने काही होतं का हो असल्या वस्तूंना? आणि त्याच्या तोंडातून दुकानातलं वाक्य बाहेर पडलं. कार्डांचं काही सांगता येत नाही, वहिनी, कार्डं दगा देतात कधीकधी. बोलून झाल्यावर त्याला कळलं की आपण बोललो. अजूनही परत घेता आलं असतं, अर्ध्या मिनिटात, एका वाक्यात. पण वहिनीचा चेहरा पडला होता, आणि दादा तिच्याकडे बघत होता, याच्याकडे नाही. कुणीतरी त्याच्यावरून नजर काढून घेतली होती, त्याला हायसं वाटलं. हायसं वाटल्याची लाज वाटली. आणि त्याने ते वाक्य परत घेतलं नाही, पुडी दादाकडे सरकवली.

दादाने कार्ड पुडीतून काढून तळहातावर घेतलं. चष्मा कपाळावर सारून ते डोळ्यांजवळ नेलं, उलटसुलट केलं. मग फोन ओढून टाइप करायला लागला. बराच वेळ टाइप करत होता. जाड बोटांनी एकेक अक्षर, मध्ये खोडत, पुन्हा लिहीत. तो दादाच्या कपाळाकडे बघत राहिला. त्याला वाटलं, आता येणार. ओके कुणी दाबायला सांगितलं होतं ते येणार. जे लिहिलं होतं ते सगळं दादाने खोडलं असावं, कारण शेवटी फोन एवढंच म्हणाला, "ठीक आहे. चहा घे."

त्याने कान देऊन ऐकलं. मनातल्या मनात पुन्हा पुन्हा ऐकलं. पूर्वी दादाच्या नुसत्या हं वरून त्याला कळायचं की पकडलं गेलोय, की सुटलोय, की दादाला कळलंय पण तो मुद्दाम बोलत नाहीये. लहानपणी चोरून सायकल नेली तेव्हा, नोकरी सोडून घरी बसला तेव्हा, प्रत्येक वेळी त्या आवाजातली एक खरखर त्याला सगळं सांगायची. या आवाजात काहीच नव्हतं. राग नाही, माफी नाही, थट्टा नाही. ठीक आहे म्हणजे ठीक आहे, चहा म्हणजे चहा. दादाचे डोळे ओले होते, पण ऑपरेशनपासून ते तसेच असायचे. दादाला ती पाटी वाचल्याचं आठवतंय की नाही, हे आता या जन्मात त्याला कळणार नव्हतं. त्याला रडू आलं आणि त्याने ते चहाबरोबर गिळलं. वहिनीने साखर घालायला विसरून चहा दिला होता. तिघांनी तो तसाच प्यायला.

बटणांचा नकाशा फोनखाली होता तो दादाने काढला, घडी घातली आणि वहीत ठेवला, तापमानाच्या आणि छत्रीच्या वहीत. मग फोनमध्ये आवाज निवडायचं पान उघडलं. तयार आवाज चार. त्याने एकेक लावून पाहिला, चौघेही एकच वाक्य म्हणत होते, नमस्कार, मी तुमचा आवाज आहे. हा उठला. दुकानात हिशेब पडलाय असं काहीतरी पुटपुटला. दादाने हात वर केला, नेहमीसारखा, तिसरा आवाज वाजतच होता.

जिन्यात वहिनी मागून आली. दार लोटून घेतलं, आतलं ऐकू जाऊ नये म्हणून. जिन्यातला दिवा बटण दाबून धरलं तरच राहायचा, नाहीतर विझायचा, म्हणून ती भिंतीशी हात लावून उभी होती.

"भाऊजी, खरं सांगा. गोळ्यांनीच झालं ना?"

तो दोन पायऱ्या खाली होता. तिच्या हाताला डांबरगोळ्यांचा वास होता, किंवा त्याला तसं वाटलं. त्याला ठाऊक होतं की हे शेवटचं वळण आहे. इथे गोळ्यांनी नाही असं म्हणालो नाही तर पुन्हा कधीच म्हणता येणार नाही.

"असेल," तो म्हणाला. "नक्की कोण सांगणार."

तिने मान हलवली, जणू हेच ऐकायला आली होती. डोळे पदराने टिपले, बटणावरचा हात न काढता. "ह्यांना कळू देऊ नका," ती म्हणाली. "रागावले तर त्यांना धड रागावताही यायचं नाही आता. मी बघते काय ते, पण तुम्ही बोलू नका. एवढं कराल?"

"नाही बोलणार, वहिनी."

"शपथ?"

"शपथ. घरातली गोष्ट आहे."

"तुम्ही आहात म्हणून बरं," वहिनी म्हणाली, आणि तो शेवटची पायरी उतरेपर्यंत तिने दिवा दाबून धरला.